कन्यांच्या चिठ्ठ्या

माझ्या सासऱ्यांनी लिहिलेल्या कुलवृत्तांताच्या शेवटी नावांची सूची आहे, आणि त्या सूचीत मी आहे. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहिलेलं, मला कधीच न आवडलेलं नाव, पुढे नवऱ्याचं नाव आणि त्यापुढे पानाचा आकडा. आकडा बरोबर आहे, कारण तो आत्याबाईंनी घातला होता. आत्याबाई स्वतः मात्र त्या सूचीत नाहीत. त्या का नाहीत ते मी सांगणार आहे, पण गोड करून सांगणार नाही. त्या घरात गोड फक्त सणाला मिळायचं.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. मी अकोल्याच्या जठारपेठेतली, मॅट्रिक झालेली, अमरावतीला राजापेठेत दिलेली. नवरा बडनेऱ्याला रेल्वेच्या कचेरीत होता. सकाळी डबा घेऊन जायचा, संध्याकाळी परत यायचा आणि घरात काय चाललंय ते न विचारता जेवून झोपायचा. सासऱ्यांना मी मामंजी म्हणायची. त्यांनी वकिली सोडली होती, पण उलटतपासणी सोडली नव्हती. भाजीत मीठ कमी का, याचीसुद्धा साक्ष व्हायची. सासूबाईंनी फार वर्षांपूर्वीच सगळे आरोप कबूल करून टाकले होते आणि त्या सुखात होत्या.

त्या काळात ब्राह्मण घरांमध्ये कुलवृत्तांत छापायची हौस आली होती. मूळपुरुष कोण, तो वऱ्हाडात कसा आला, त्याला मुलगे किती, त्या मुलांना मुलगे किती, कोण वकील झाला, कोण दत्तक गेला, सगळं शाखेशाखेने लिहायचं आणि जाड पुठ्ठ्यात बांधून नातेवाइकांना वाटायचं. मामंजींनी तीन-चार वर्षं पत्रं लिहून लिहून माहिती जमवली होती. पुस्तक अकोल्याच्या एका छापखान्यात छापायला दिलं होतं. मग नागपूरच्या कुणीतरी विद्वानाने त्यांना सांगितलं की शेवटी नावांची सूची नसेल तर अशा ग्रंथाला कुणी ग्रंथ म्हणत नाही. मामंजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. त्यांनी छापखान्यातून आलेल्या पानांचा गठ्ठा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठेवला आणि म्हणाले, “तांदूळ निवडता तशी यातली नावं निवडा. बायकांचंच काम आहे.”

बायका म्हणजे आम्ही दोघी, मी आणि आत्याबाई. आत्याबाई मामंजींची धाकटी बहीण. अकोल्याला दिलेली, मूल होत नाही म्हणून नवऱ्याने माहेरी आणून सोडलेली. सोडताना तो म्हणाला होता, “थोडे दिवस हवापालट होऊ द्या.” हवापालट चालू असतानाच त्याने दुसरं लग्न केलं. दोन बायका करायला तेव्हा कायद्याची आडकाठी नव्हती. तेव्हापासून आत्याबाई राजापेठेतल्या त्या घरात स्वयंपाक करत होत्या. नवरा जिवंत म्हणून कपाळाला कुंकू, गळ्यात मंगळसूत्र. पण हळदीकुंकवाला कुणी त्यांना पाटावर बसवत नसे. टाकलेल्या बाईच्या हातचं कुंकू नको असायचं, तिच्या हातची पुरणपोळी मात्र चालायची.

त्यांना कुणी नावाने हाक मारत नव्हतं. सासूबाईंच्या त्या वन्सं, माझ्या आत्याबाई, मामंजींच्या “अगे”. माहेरचं नाव सासरी गेल्यावर पुसलं, सासरचं नाव माहेरी आल्यावर संपलं. मला दोन वर्षं त्यांचं नाव काय ते माहीत नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. विचारावं असं त्या बाईचं तोंडही नव्हतं. जीभ कात्रीसारखी चालायची. मी पहिल्या दिवशी केलेलं वरण त्यांनी चमच्याने उचलून पाहिलं आणि म्हणाल्या, “याच्यात पाय धुवाचे का?”

तर आम्ही नावं निवडायला बसलो. काम असं की छापखान्यातून सोळा-सोळा पानं कच्ची छापून यायची. ती ओळीओळीने वाचायची. नाव आलं की एका चिठ्ठीवर ते नाव, बापाचं नाव आणि पानाचा आकडा लिहायचा. चिठ्ठ्यांसाठी कोरा कागद मामंजी देईनात. म्हणून ट्रंकेत साठवलेल्या जुन्या लग्नपत्रिका काढल्या. त्या एका बाजूला छापलेल्या आणि दुसऱ्या बाजूला कोऱ्या असायच्या. त्या कापून चिठ्ठ्या केल्या. एका बाजूला कुणाचा तरी अर्धा मंगलाष्टकांचा मुहूर्त, दुसऱ्या बाजूला कुणाच्या तरी पणजोबांचं नाव.

मग मधल्या खोलीत जाजम अंथरून त्या चिठ्ठ्या अक्षराप्रमाणे लावायच्या. भिंतीकडे अ, दाराकडे ज्ञ. प्रत्येक ढिगावर वजन म्हणून चिंचोका. दिवस वैशाखाचे, अमरावतीचं ऊन, आणि पंखा लावायची सोय नाही, कारण पंखा लावला की मूळपुरुष थेट मोरीत जाऊन पडायचा. दारं-खिडक्या लावून आम्ही घामाने निथळत बसायचो. कपाळावरचा घाम चिठ्ठीवर पडला की शाई पसरायची आणि एखादा कर्तबगार पुरुष वाचता येईनासा व्हायचा.

गोंधळ असा की दर तिसऱ्या पिढीला आजोबाचं नाव नातवाला ठेवलेलं. सूचीत एकाच नावाचे ढीगभर पुरुष. मग बापाच्या नावावरून वेगळे करायचे, तर बापही त्याच नावाचा निघायचा. आत्याबाईंना यात भलताच रस आला. त्या पुरुषांना चिठ्ठ्यांवर तोलायच्या. ज्याच्या नावावर पानं जास्त तो मोठा माणूस. एका चुलत आजोबांची एकच चिठ्ठी निघाली, तेव्हा त्या म्हणाल्या, “जन्मला, जेवला, गेला. एवढंच का बाप्पा?” आणि चिंचोका ठेवला.

माझीही एकच चिठ्ठी होती. नवऱ्याच्या नावाखाली पत्नी म्हणून. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि मला अजून दिवस गेले नव्हते. आत्याबाईंनी माझी चिठ्ठी दोन बोटांत धरली, माझ्या पोटाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “हलकी आहे वं तुई चिठ्ठी. पोट्टं झालं तं दुसरं पान भेटन. नाही तं माह्यासारखी हवापालटाले जाशीन.” मी उठून मोरीत गेले आणि तोंड धुऊन आले. परत आले तेव्हा त्यांनी माझ्यासाठी कैरीचं पन्हं करून ठेवलं होतं. ती बाई अशी होती. आधी ओरबाडायचं, मग फुंकर घालायची, आणि फुंकर घालताना पुन्हा नख लावायचं.

एका दुपारी त्यांनी मला जवळ बोलावलं आणि एका ढिगावरचा चिंचोका उचलला. वरची चिठ्ठी त्यांची स्वतःची होती. त्यांच्या वडिलांच्या पानावर, मुलांच्या यादीत शेवटी एक ओळ होती, कन्या, मग त्यांचं माहेरचं नाव आणि ‘दिली अकोल्यास’. त्या ओळीवरून त्यांनी चिठ्ठी केली होती. बाकीच्या चिठ्ठ्यांवर त्यांचं अक्षर कोंबडीचे पाय फुटल्यासारखं होतं. ही चिठ्ठी मात्र शाळेतल्या पाटीवर गिरवावी तशी गिरवलेली. मी त्यांचं नाव तिथे पहिल्यांदा वाचलं. सुंदर नाव होतं.

“मले या नावानं कोनी हाक मारली नाही,” त्या म्हणाल्या, “माय गेल्यापासून. तुले सांगते, मले बाकी काही नाही पाहिजे या घरातलं. छापून येऊ दे एक डाव. मंग म्या कधी बी मेली तरी चालते.”

त्यांच्या तोंडून असं साधं, सरळ काही निघालेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी चिंचोका परत जागेवर ठेवला.

सगळ्या चिठ्ठ्या लागल्या तेव्हा मामंजी पाहायला आले. डोळ्याला भिंग लावून ते ढिगांमधून ओणवे फिरले. आधी स्वतःचा ढीग पाहिला. त्यांच्या नावापुढे पानांची मोठी रांग होती, कारण त्यांनी स्वतःचं चरित्र तपशिलात लिहिलं होतं, शाळेतल्या बक्षिसांसकट. ते खूश झाले. मग त्यांचं भिंग बहिणीच्या चिठ्ठीवर थांबलं.

“हे काय?”

मी म्हणाले, “पानावर नाव आहे, म्हणून चिठ्ठी केली.”

“कन्यांची नावं सूचीत देण्याची पद्धत नाही,” मामंजी म्हणाले. “कन्या परगोत्रात जाते. तिचं नाव तिच्या सासरच्या ग्रंथात येतं. आपल्याकडे आपले पुरुष आणि आपल्या सुना. सगळ्या कन्या काढून टाका. पानंही वाचतील.”

“किती मुली आहेत, मामंजी,” मी म्हणाले. “निम्मी सूची जाईल.”

“गेली पाहिजे. जागा कशाला अडवायची?” आणि बहिणीकडे वळून म्हणाले, “तूच काढ, अगे. तू लावल्यास, तुला जागा माहीत आहेत.”

ते मुद्दाम बोलले. मला शंका नाही. कोर्टात साक्षीदाराकडून त्याचाच गुन्हा वदवून घ्यायची त्यांना सवय होती, आणि ती सवय त्यांना फार आवडायची.

आत्याबाई जाजमावर गुडघ्यांवर बसल्या आणि ढिगाढिगातून कन्या काढू लागल्या. बालपणी देवीने गेलेल्या, बाळंतपणात गेलेल्या, नागपूरला दिलेल्या, अमरावतीलाच दिलेल्या, सगळ्या. एक टोपली भरली. शेवटची स्वतःची चिठ्ठी काढली आणि तीही टाकली. सासूबाईंनी टोपली उचलून नेली आणि संध्याकाळचा चहा त्या कन्यांवर उकळला. मी तो चहा प्यायले नाही. बाकी सगळे प्यायले.

त्यानंतर आत्याबाई मला म्हणाल्या, “तू काल आली अन् आज छापली. म्या इथंच जन्मली.” पण लगेच त्यांचं तोंड जरा उजळलं. “तिकडलं बी पुस्तक निघून राह्यलं नं?”

निघत होतं. त्यांच्या सासरच्या कुळाचाही वृत्तांत अकोल्याला, त्याच छापखान्यात छापत होते. आपल्या कुळाला मागे कोण राहू देतो? आत्याबाईंचा थोरला दीर तो लिहीत होता. मामंजींच्याच पद्धतीप्रमाणे पाहिलं तर आत्याबाई तिथल्या सून होत्या, आणि सुना सूचीत येतात. टाकलेली असली तरी लग्न तर झालं होतं. एवढाच एक धागा उरला होता आणि त्यांनी तो घट्ट धरला.

सूचीची पक्की प्रत घेऊन आम्ही दोघीच अकोल्याला गेलो. मी माहेरी जाणारच होते, म्हणून मामंजींनी बहिणीला सोबत पाठवलं. बडनेऱ्याच्या फलाटावर गाडीची वाट पाहताना आत्याबाईंनी मला पुन्हा पुन्हा विचारलं, सासरी आपल्याला कुठलं नाव ठेवलं होतं ते त्या दिराला आठवत असेल का? मी म्हणाले, आठवेलच. त्या म्हणाल्या, “तुले काय माहीत? तू काही गेलेली नाही हवापालटाले.”

छापखान्यात शाईचा आणि घासलेटचा वास. म्हातारा कंपोझिटर शिशाच्या अक्षरखिळ्यांच्या खणांपुढे उभा होता. त्याने आमची प्रत घेतली, स्टुलावर ठेवली. आत्याबाईंनी पदर नीट घेतला आणि विचारलं, “तिकडलं पुस्तक कुठवर आलं?”

“झालं नं बाई. सूचीच चालू हाये,” तो म्हणाला आणि खिळ्यांवरून उठवलेला ओला कागद त्याने कौतुकाने पुढे केला.

आत्याबाईंनी बोट फिरवत फिरवत नाव शोधलं. सापडलं. त्यांचं सासरचं नाव, पुढे त्या माणसाचं नाव, पुढे पानाचा आकडा. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. त्या हसल्या. दात दिसतील असं हसल्या. त्या घरात दोन वर्षांत मी ते दात कधी पाहिले नव्हते.

“पान दाखवता का हे?” त्यांनी आकड्यावर बोट ठेवलं.

कंपोझिटरने छापील पानांच्या थप्पीतून ते पान काढून दिलं. पानावरचं अक्षर सूचीहून बारीक होतं आणि आत्याबाईंचा चष्मा घरी राहिला होता, म्हणून मी वाचू लागले. मोठ्याने. मला थांबताही आलं नाही. त्यांच्या नवऱ्याच्या नावाखाली असं छापलं होतं की प्रथम पत्नी निवर्तल्यावर द्वितीय विवाह केला, द्वितीय पत्नीस तेच नाव ठेवले, आणि पुढे त्या द्वितीय पत्नीचं माहेर आणि चार मुलगे.

मेलेल्या बायकोचं नाव दुसरीला ठेवायची चाल तेव्हा होती. आत्याबाईंना ती माहीत होती, मलाही होती. फक्त आत्याबाई मेल्या नव्हत्या. त्या माझ्या शेजारी कुंकू लावून उभ्या होत्या.

म्हणजे सूचीतला आकडा दुसरीचा होता. नाव तेवढं त्यांचं, तेही आता दुसऱ्या बाईच्या अंगावर.

कंपोझिटरला काही कळलं नाही. तो बिचारा वर म्हणाला, “हे पान तं तुमच्या वकीलसाहेबायनंच पाहून देल्लं, तिकडल्या मंडळीनं त्याइलेच दाखवाले सांगतलं होतं. म्या ईचारलं, हे बरोबर हाये का, तं मनले, असंच राहू द्या.”

आत्याबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग म्हणाल्या, “चाल. गाडी चुकन.” गाडीला वेळ होता. आणि आम्ही माझ्या माहेरी मुक्कामाला आलो होतो. पण मी त्यांच्यामागे स्टेशनवर गेले आणि आम्ही त्याच दिवशी परत फिरलो. जठारपेठेतल्या माझ्या आईने माझ्यासाठी ओल्या तुरीच्या दाण्यांची आमटी करणार म्हणून कळवलं होतं, असलं काहीतरी मला गाडीत आठवत होतं आणि वैशाखात ओली तूर कुठून येणार, हेही त्याच वेळी मनात येत होतं. डोकं ठिकाणावर नव्हतं.

घरी पोचल्यावर आत्याबाई सरळ मामंजींच्या खोलीत गेल्या. मीही दारात उभी राहिले. तोवर त्या घरात मी कधी दारात उभी राहून ऐकलं नव्हतं.

“दादा, म्या केव्हा मेली?”

मामंजींना कळायला वेळ लागला नाही. त्यांनी भिंग खाली ठेवलं.

“मग काय लिहायचं होतं? टाकून दिलेली?” ते म्हणाले. “त्यांच्या घराला शोभत नाही आणि आपल्याही नाही. मेलेली बाई म्हणजे प्रश्न मिटतो. तुला काय फरक पडतो, अगे? तिथे जाणार आहेस का?”

“अन् नाव?”

“नावाचं काय एवढं?”

एवढं बोलून त्यांनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. मला त्या क्षणी त्या माणसाचा जितका राग आला तितका आयुष्यात कुणाचा आला नाही. आज ते नाहीत, पण राग आहे आणि मी तो सोडणार नाही. आत्याबाई रडतील असं मला वाटलं होतं. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि कणीक तिंबायला घेतली. फार वेळ तिंबली.

सूचीचं शेवटचं प्रूफ तपासायला घरी आलं. सगळं पुस्तक छापून झालं होतं, फक्त मामंजींच्या शाखेची सोळा पानं छापायची थांबली होती, कारण मामंजी त्यात रोज स्वतःविषयी काहीतरी वाढवत होते. तेही प्रूफ सोबत आलं. आत्याबाईंनी दोन्ही कागद मांडीवर घेतले आणि माझ्याकडे दौत मागितली.

आधी सूची. मामंजींच्या नावापुढची पानांची रांग त्यांनी एका रेघेत खोडली. एकच पान ठेवलं, वडिलांचं, जिथे त्यांची मुलं एकाखाली एक दिली होती. चरित्राची सगळी पानं सूचीतून गेली. मग दुसरं प्रूफ घेऊन त्याच पानावर, शेवटच्या ओळीत, ‘दिली अकोल्यास’ याच्यापुढे त्यांनी एक शब्द लिहिला, हयात. अक्षर गिरवलेलं होतं.

“सांगशीन का?” त्यांनी मला विचारलं.

“काय सांगायचं?” मी म्हणाले.

मामंजींनी आपलं नाव सूचीत नीट आहे ना, म्हणून ते मला वाचायला लावलं. मी जुनेच आकडे पाठ म्हटले, शाळेतल्या बक्षिसांच्या पानासकट. माझा आवाज जरासुद्धा हलला नाही. त्यांनी मान डोलावली आणि सही केली.

प्रकाशनाचा समारंभ झाला. दोन्हीकडचे सोयरे जमले. अकोल्याचा वृत्तांत महिनाभर आधीच निघाला होता, म्हणून तिकडची मंडळीही पुढच्या खुर्च्यांवर होती. आत्याबाईंचा दीर होता आणि त्याच्याशेजारी तो, आत्याबाईंचा नवरा, केसांना कलप लावून. बायका मागे सतरंजीवर. आत्याबाई खांबाला टेकून बसल्या होत्या.

अध्यक्ष म्हणून नागपूरचे तेच विद्वान. त्यांनी सूचीचं फार कौतुक केलं. म्हणाले, “वऱ्हाडात अशी सूची मी पाहिली नाही. कुठलाही पुरुष काढा, क्षणात त्याच्या पानावर पोचता.” आणि दाखवायला म्हणून त्यांनी ग्रंथकर्त्याचंच नाव काढलं. एकच पान पाहून ते जरा थबकले, पण माईकपुढे उभे होते. त्यांनी पान उघडलं आणि वाचू लागले. पहिला मुलगा बालपणी वारला. दुसरा, ग्रंथकर्ते, वकील. मामंजी खुर्चीत सरसावून बसले. विद्वान थांबले नाहीत, कारण पुढे एकच ओळ होती. कन्या, आणि मग त्यांनी आत्याबाईंचं नाव मोठ्याने, स्पष्ट वाचलं. दिली अकोल्यास. हयात.

मागून खांबाकडून आवाज आला, “ओ.”

कुणी हाक मारल्यावर द्यावी तशी ओ. मोठ्याने नव्हती, पण सगळ्यांनी ऐकली. बायकांमध्ये अकोल्याची एक जण दुसरीला म्हणाली, “हयात? आपल्या पुस्तकात तं मेली नं वं?” तेही सगळ्यांनी ऐकलं. पुढे खुर्चीतला तो माणूस आपल्या वहाणांकडे पाहत बसला. त्याच्या कलपाचा एक काळा ओघळ कानामागून कॉलरवर उतरला. उकाडाच तसा होता.

घरी आल्यावर मामंजी ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी उरलेल्या सगळ्या प्रती मधल्या खोलीत आणवल्या, बाजारातून पांढरा कागद आणवला आणि त्याच्या बारीक पट्ट्या कापवल्या, एका ओळीच्या मापाच्या. बहिणीला म्हणाले, “खळ तू शिजव. पट्ट्या तू चिकटव. एक प्रत राहिली तरी घराबाहेर काढीन.” त्या दिवशीपासून मरेपर्यंत ते आत्याबाईंशी एक शब्द बोलले नाहीत. आत्याबाईंचं अंथरूण मागच्या पडवीत गेलं. सासूबाई म्हणाल्या, “वन्संनी ओढवून घेतलं.” नवरा म्हणाला, मला कामावर लवकर जायचंय.

आत्याबाईंनी मैद्याची खळ शिजवली. आम्ही दोघी जाजमावर बसलो आणि एकेका प्रतीतली ती एक ओळ झाकत गेलो. मी खळीत बोट बुडवलं. पाण्यासारखी होती. मी वर पाहिलं. आत्याबाई पट्ट्या मोजत असल्यासारखा चेहरा करून बसल्या होत्या.

“पातळ झाली,” मी म्हणाले.

“असू दे.”

पुढच्या वैशाखात वऱ्हाडातला उन्हाळा नेहमीसारखा आला. नंतर सोयऱ्यांना वाटलेल्या, घरोघरी कपाटांत ठेवलेल्या प्रतींतल्या पट्ट्या वाळून कडक झाल्या, कडेने उचलल्या आणि पुस्तक उघडलं की खाली पडू लागल्या. सासूबाईंना सोयऱ्यांची पत्रं यायला लागली, तुमच्या वन्सं कशा आहेत, तब्येत बरी ना. माझ्या प्रतीतली पट्टी माझ्या हातात सुटली. मी ती पडवीत नेऊन आत्याबाईंना दाखवली. त्यांनी ती उजेडात धरली, उलटसुलट करून पाहिली.

“दोन्ही बाजूनं कोरी आहे वं,” त्या म्हणाल्या. “ठेव जपून. पुढच्या सूचीले चिठ्ठी होईन.”